तळे, रस्ता आणि तोट्याची भाषा

वाहतुकीच्या नियोजनावर आपल्याकडे जी चर्चा चालते, तिची भाषाच मला संशयास्पद वाटते. वेग, मिनिटे, पदर आणि तोटा या चार शब्दांपलीकडे ती जात नाही. महामार्ग आधी रुंद करावा की रेल्वेमार्ग दुहेरी करावा, असा वाद घातला जातो. दोन्ही पक्षांना वाहन दिसते. वाहनाची वाट पाहणारा माणूस दिसत नाही. ही भाषा वीर स्थानकावर उभे राहून तपासली पाहिजे.

वीर हे महाडला जाणाऱ्यांचे रेल्वेस्थानक. त्याच्या जवळच सावित्रीच्या खाडीवर दासगाव आहे. डिसेंबर १९२७ मध्ये, मनुस्मृती जिथे जाळली गेली त्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरचा जवळचा मार्ग सोडून ते बोटीने दासगाव बंदरात उतरले. कारण उघड होते. मोटारमालकांनी बहिष्कार घातला, तर दासगावाहून पाच मैल चालत महाड गाठता आले असते. धरमतरहून ते शक्य नव्हते. चवदार तळ्याच्या लढ्यात पाण्याबरोबर वाहनाचाही प्रश्न होता, तो असा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्येही मसूरचा गाडीवान आणि चाळीसगावचे टांगेवाले आहेत. आगगाडीने बाबासाहेबांना स्थानकापर्यंत आणले. पुढच्या वाटेवर जात आडवी आली. आपल्या समीक्षेने तळ्यावर पुष्कळ लिहिले, या पाच मैलांवर मात्र फार थोडे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख एकत्रच येतो. तळ्याचा हक्क आणि रस्त्याचा हक्क घटनेने वेगळे मानलेले नाहीत. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्या घटनेकडे मी याच दृष्टीने पाहतो. मालकाच्या मर्जीवरचा प्रवास तिथून तिकिटाच्या हक्कावर येऊ लागला.

आज त्याच एस. टी.ला तोट्याचा हिशेब विचारला जातो. महामार्गाच्या प्रत्येक मैलाला कोणी नफा विचारतो काय? रस्ता म्हणजे विकास आणि वाडीवर जाणारी गाडी म्हणजे ओझे, ही विभागणी निव्वळ आर्थिक नाही. ज्याच्या दारात स्वतःची मोटार उभी आहे, त्याने ती केलेली आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील संपात एस. टी. थांबली, तेव्हा घरी कोण बसले? शाळकरी मुली, मजूर, दवाखान्यात निघालेले म्हातारे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट मिळाले; ते योग्यच झाले. पण जिथे गाडीच येत नाही, तिथे अर्धे तिकीट कशाचे काढायचे?

रेल्वेचेही तेच. रोहा-वीर हा कोकण रेल्वेच्या पहिल्या टप्प्यांपैकी एक. तो १९९३ मध्ये सुरू झाला. २०२१ मध्ये याच टप्प्यावर दुहेरी मार्ग झाला. २०२३ मध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली, तिला वीरचा थांबा मिळाला नाही. उलट दादरपर्यंत जाणारी रत्नागिरी पॅसेंजर करोनानंतर दिव्यालाच अडवली गेली. रूळ वाढले आणि गरिबाची गाडी आखडली. बोजे घेऊन दिव्याला उतरणाऱ्या आणि गर्दीच्या लोकलमध्ये शिरणाऱ्या बाईची मिनिटे कोणत्या तक्त्यात मोजली जातात?

पैसा नाही, वेळ लागतो, हे उत्तर मला मान्य नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला; दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. जून २०१७ मध्ये नवा पूल उभा राहिला. मनात आणले तर शासन वर्षाच्या आत काम करते. मात्र त्यासाठी आधी माणसे बुडावी लागली.

प्रश्न आपल्या चळवळीलाही आहे. २० मार्चला आपण हजारोंनी महाडला जातो, अभिवादन करतो, परततो. तळ्याभोवतीच्या वाड्यावस्त्यांत वर्षाच्या उरलेल्या दिवसांत किती गाड्या जातात, याची नोंद कोणत्या शाखेकडे आहे? कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्याची वेळापत्रके हाती घ्यावीत, बंद झालेल्या फेऱ्या लिहून काढाव्यात आणि आगारापुढे ठेवाव्यात. बाबासाहेबांनी पाच मैल चालण्याची तयारी ठेवली, ती पुढच्यांना चालावे लागू नये म्हणून. वस्तीवरचे मूल आजही तेवढेच चालत शाळेत जात असेल, तर आपले अभिवादन अपुरे आहे.