नफा नाही, पण लगाम कोणाकडे?

‘ना-नफा’ हा शब्द कानावर पडला की आपण लगेच हात जोडतो. माझं आयुष्य शब्द तपासण्यात गेलं, तेव्हा हाही तपासू या. नफा कोणी घेत नाही, एवढंच हा शब्द सांगतो. पैसा देतं कोण, याबद्दल तो गप्प आहे.

आधी जमेची बाजू. अमेरिकेतलं ‘मिसिसिपी टुडे’ हे एका गरीब राज्यापुरतं ना-नफा वृत्तमाध्यम. गरीब कुटुंबांसाठीच्या निधीतले कोट्यवधी डॉलर भलतीकडे गेले, त्यातले ५० लाख चक्क विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संकुलाकडे. या प्रकरणात माजी राज्यपालांची भूमिका काय होती, हे अ‍ॅना वुल्फ यांनी खणून काढलं. २०२३ चं स्थानिक वार्तांकनाचं पुलित्झर त्यांना मिळालं. त्याच वर्षी माजी राज्यपालांनी आरोप नाकारत अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०२५ मध्ये तो फेटाळला गेला. पण तोवर वकिलांची फी थोडीच थांबते?

आता दुसरी बाजू. ‘ह्यूस्टन लँडिंग’ २०२३ मध्ये सुमारे २ कोटी डॉलरच्या देणग्यांवर उभं राहिलं. पुढचं उत्पन्न जमेना, आणि २०२५ मध्ये ते बंद पडलं.

तुम्ही म्हणाल, सर, जाहिरातदार तरी कुठे साधुसंत होते? मान्य. पण ते शंभर होते. एक रुसला तरी नव्याण्णव उरत. मोठे देणगीदार असतात तीन-चार. त्यांना फोनसुद्धा करावा लागत नाही, संपादक स्वतःच आवाज खाली आणतो. स्वातंत्र्य म्हणजे आज कोणी अडवत नाही, एवढंच नव्हे. एकट्याला अडवता येऊच नये, ते खरं स्वातंत्र्य. म्हणून माझी कसोटी साधी आहे: एकाच माणसाने हात आखडता घेतला, तर उद्याचा अंक निघेल का?

आपल्याकडे तर परकीय देणग्यांच्या २०१० च्या कायद्याने वृत्तपत्रांना बाहेरचा पैसा बंदच आहे. म्हणजे उरलो आपण. आणि आपण कोण? वर्तमानपत्राचे पैसे रद्दीतून वसूल करणारे! नगरपालिकेच्या निविदांची फाइल कोणीतरी उघडावी असं वाटत असेल, तर त्या ‘कोणीतरी’चा पगार कोण देणार, हे घरी जाताना स्वतःला विचारा.