‘द लंगूर्स ऑफ आबू’ : सत्तासंघर्षापलीकडील वानरसमाज

प्रस्तावना

वानरांच्या टोळीजीवनाचा विषय निघाला की मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकर यांची ‘सत्तांतर’ (१९८२) ही लघुकादंबरी आठवते. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या कृतीच्या शीर्षकातच टोळीवरील सत्तेचा निर्देश आहे. याच प्राणिसमाजावरील सारा ब्लॅफर हर्डी यांचा ‘द लंगूर्स ऑफ आबू’ (१९७७) हा शास्त्रीय ग्रंथदेखील नरांचा संघर्ष आणि त्यातून होणारी बालहत्या यांसाठीच अधिक चर्चिला गेला. तथापि या ग्रंथाचे चिरस्थायी मोल त्यातील माद्यांच्या परस्परसंबंधांच्या विवेचनात आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी

फिलिस जे यांनी १९५८ ते १९६० या काळात भारतातील वानरांचे निरीक्षण करून त्यांचे जीवन शांत व सलोख्याचे असल्याचे चित्र रेखाटले होते. पुढे युकिमारू सुगियामा यांनी धारवाड परिसरात नवा नर टोळीत शिरल्यावर पिले मारली गेल्याची नोंद केली. दाटीमुळे ही विकृती उद्भवत असावी, अशा समजुतीने हर्डी १९७१ मध्ये अबूच्या पहाडावर गेल्या. मात्र पिले नाहीशी होण्याचा संबंध दाटीशी नसून नव्या हुप्प्याच्या आगमनाशी आहे, असे त्यांना आढळले. पिलू दगावल्यास मादी लवकर माजावर येते व नव्या नराला स्वतःची संतती लाभते, हे त्यांचे स्पष्टीकरण होय.

माद्यांचे बंध

नर वयात येताना टोळीबाहेर पडतात. माद्या बहुधा जन्मभर त्याच टोळीत राहतात. साहजिकच टोळीचे सातत्य माद्यांवर अवलंबून असते. नवजात पिलू काही तासांतच आईकडून इतर माद्यांच्या हाती जाते. आईला चरण्यास उसंत मिळते, तर तरुण माद्यांना संगोपनाचा सराव होतो. या देवघेवीचे चित्रण हर्डी भाबडेपणाने करीत नाहीत. पिलाची हेळसांड करणाऱ्या माद्याही त्यांनी टिपल्या आहेत.

ग्रंथातील सर्वांत लक्षणीय व्यक्तिरेखा ‘सोल’ या वृद्ध मादीची आहे. वय वाढते तसे वानरमादीचे टोळीतील स्थान खालावते. सोलही कडेकडेने वावरणारी, प्रजननकाळ सरलेली मादी. परंतु नवा हुप्प्या पिलावर झडप घालतो तेव्हा सोल आणि ‘पॉलेस’ या दोन म्हाताऱ्याच त्याच्यावर धावून जातात. जिला टोळीत मान उरलेला नाही, तीच टोळीसाठी सर्वाधिक धोका पत्करते.

मर्यादा

ग्रंथावरील पहिला आक्षेप पुराव्याविषयीचा आहे. हत्या प्रत्यक्ष क्वचितच दिसल्या. बऱ्याच घटना पिले नाहीशी झाल्यावरून अनुमानिलेल्या आहेत. शिवाय अबूच्या वानरांना माणसांकडून खाद्य मिळे, त्यामुळे त्यांचे वर्तन कितपत नैसर्गिक, हाही प्रश्न उपस्थित झाला. नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात हल्लेखोर नर हे बळी पडलेल्या पिलांचे जनक नसल्याचे दिसून आले व हर्डींच्या सिद्धांताला बळ मिळाले.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी वाटतो. सोलच्या धाडसाचे स्पष्टीकरण हर्डी रक्तसंबंधाच्या आधारे देतात. परंतु प्रौढ माद्यांची वंशावळ त्यांच्याजवळ नव्हती. ज्या नात्याने वर्तन उलगडावयाचे, ते नातेच येथे गृहीत धरले आहे. ‘डावपेच’ या अर्थाची ग्रंथातील परिभाषाही, रूपक म्हणून योजली असली तरी, वाचकाला हेतुपूर्वक केलेल्या हिशेबाकडे नेते. सोलने हिशेब केला होता असे म्हणण्यास आधार नाही. ती धावली, एवढेच निरीक्षण आहे.

समारोप

जे यांच्या चित्रणात सलोखा प्रधान होता, तर हर्डींच्या ग्रंथावरील चर्चेत संघर्ष. ग्रंथ स्वतः मात्र या दोहोंची फारकत करीत नाही. जिवावरचे संकट आहे म्हणूनच पिलाभोवती अनेक हात असण्याला अर्थ आहे, आणि त्या हातांची पारख संकटातच होते. हुप्प्ये येतात आणि जातात. अबूला त्यांची सत्ता सरासरीने जेमतेम सव्वादोन वर्षे टिकत असे. सत्तांतरानंतरही टोळी टोळीच राहते ती माद्यांमुळे. वानरसमाजाचा इतिहास हुप्प्यांच्या कारकिर्दींवरून लिहिण्याची सवय आपण सोडली पाहिजे, हा या ग्रंथाचा खरा धडा होय.