लावलेले किती आणि रंगवलेले किती?

दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात. डावीकडे एक तरुण, केसांची रेषा मागे सरकलेली, चेहरा उतरलेला. उजवीकडे तोच तरुण, मान ताठ, चेहरा हसरा आणि डोक्यावर काळेभोर केस. खाली ग्राफ्टची संख्या आणि पैसे हप्त्यांनी भरण्याची सोय. ही जाहिरात पाहायला आता पुण्या-मुंबईस जावे लागत नाही. लोहारा तालुक्यातील आमच्या माकणीतही ती हातातल्या फोनवर येऊन पोहोचते, आणि बारावीच्या वर्गातील मुले ती शिक्षकांपेक्षा अधिक बारकाईने पाहतात. अलीकडे तिच्यात एक नवी ओळ दिसू लागली आहे: केस प्रत्यारोपण आणि डोक्याच्या त्वचेवरील सूक्ष्मगोंदण, दोन्ही एकत्र.

या दोन छायाचित्रांची आम्ही येथे तपासणी करणार आहोत. विद्यार्थ्याची प्रयोगवही तपासताना आपण निष्कर्ष वाचण्याआधी कृती पाहतो, तशीच. सुरुवातीलाच सांगतो की दोन्ही उपचार खोटे नाहीत. प्रत्येकामागे चांगले विज्ञान आहे आणि दोन्ही एकत्र करण्यालाही सबळ कारण आहे. आमची तक्रार आहे ती छायाचित्रांविषयी.

प्रत्यारोपणात नवा केस तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या व कानांवरच्या भागातील केसांची मुळे काढून ती पुढे किंवा माथ्यावर लावली जातात. कांद्याची रोपे वाफ्यातून काढून सरीवर लावावीत तसेच हे काम. फरक इतकाच की येथे वाफ्यात पुन्हा बी टाकता येत नाही. माकणीच्या मुलांना आम्ही दुसरे उदाहरण देतो. निम्न तेरणा धरण पाणी तयार करीत नाही. साठलेले पाणी कालव्याने दुसरीकडे नेता येते एवढेच. डोक्याची मागची बाजू हे असेच धरण आहे, आणि त्यावर दर वर्षी पाऊस पडत नाही.

हलवलेले केस नव्या जागी का टिकतात, हा प्रश्न मात्र फार सुंदर आहे. टक्कल पडण्याशी पुरुषी संप्रेरकांचा संबंध अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवला. पण ही संप्रेरके तर रक्तातून साऱ्या डोक्यात फिरतात. मग मागचे केस का वाचतात? न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी त्वचेचे छोटे गोल तुकडे एका जागेहून दुसऱ्या जागी लावून पाहिले. मागचा केसाळ तुकडा टकलावर लावला तरी केसाळच राहिला. टकलाचा तुकडा केसांत लावला तरी तो टकलाच राहिला. म्हणजे दोष जागेत नसून मुळात आहे. हे काम १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या वीस वर्षे आधी, १९३९ मध्ये, जपानच्या शोजी ओकुदा यांनी भाजलेल्या रुग्णांवर असे तुकडे लावण्याची पद्धत जपानी भाषेत छापली होती. पुढे महायुद्ध आले आणि बाहेरच्या जगाला तिचा पत्ता लागला नाही.

खरे तर आपली जुनी जागा न विसरणारी त्वचा पुण्याजवळच्या कारागिरांना फार आधीपासून माहीत असावी. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या लोकांनी कापले होते. पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या जातीतील माणसाने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले, आणि ती हकीकत चित्रासह १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली. अशा शस्त्रक्रियेत कपाळावरून घेतलेला तुकडा केसांच्या रेषेपलीकडे गेला तर नव्या नाकावर केस उगवतात. ओरेंट्राइख यांचा निष्कर्ष एवढ्या एका निरीक्षणातही दडलेला आहे.

आता थोडे गणित करू. हे आकडे ढोबळ आहेत, पण वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे आहेत. केस त्वचेतून एकेक न येता एक ते चार केसांच्या झुबक्यांनी येतात. असा एक झुबका म्हणजे एक ग्राफ्ट. निरोगी डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७५ झुबके असतात. पुढचा भाग आणि माथा मिळून २०० चौरस सेंटिमीटर उघडे पडले असे धरा. मूळची दाटी परत हवी तर १५,००० झुबके लागतील. मागची बाजू विरळ दिसू न देता साऱ्या आयुष्यात सुमारे ६,००० काढता येतात. भागाकार केला की हाती येतात चौरस सेंटिमीटरला ३०. सुदैवाने डोळा मोजणी करीत नाही. साधारण निम्मे केस जाईपर्यंत विरळपणा लक्षातही येत नाही, म्हणजे ३७ च्या आसपास झुबके असले तरी डोके भरलेले वाटते. आपल्याजवळ आहेत ३०. तूट सातची.

सूक्ष्मगोंदण येते ते या सातच्या जागी. शेतकरी लावणीनंतर नांग्या भरतो, तेव्हा तो मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे रोप लावतो. येथे नांग्या रंगाने भरायच्या. कारण डोळ्याला खुपते ती केसांची संख्या नव्हे, तर काळ्या केसांमधून चमकणारी उजळ त्वचा. त्या त्वचेवर बारीक सुईने काळसर ठिपके टाकले की विरोध कमी होतो आणि तेच ३० झुबके दाट भासतात. पट्टी कापून मुळे काढली असतील तर मागे एक आडवा व्रण राहतो. मुळे एकेक काढली असतील तर पांढरट ठिपके राहतात. तेही या गोंदणाने झाकता येतात. डोक्यावरील शस्त्रक्रियेला पूरक म्हणून गोंदण वापरल्याचा ट्राक्विना यांचा लेख २००१ मध्ये त्वचाशस्त्रक्रियेच्या नियतकालिकात आला होता. तेव्हा ही जोडी काल-परवाची नाही, आणि तर्काला धरूनही आहे. भाजल्याच्या किंवा अपघाताच्या व्रणावर तर केसांची मुळे नीट धरतीलच असे नसते. अशा माणसाला हे ठिपके फार मोठा दिलासा देतात.

गोंदण माकणीच्या मुलांना परके नाही. गावातील सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही आजीचा हात पाहावा. सुईने काजळी भरलेली ती तुळस, ते ठिपके आज काळे दिसत नाहीत, हिरवट-निळे दिसतात. कडाही पसरलेल्या असतात. काजळी बदललेली नसते. त्वचेच्या वरच्या थरातून निळा प्रकाश अधिक विखुरला जाऊन परत येतो, तांबडा खोल शिरून काजळीत शोषला जातो. रंग जितका खोल, तितका तो निळा. रंग टिकतो कसा, याचे चांगले उत्तर २०१८ मध्ये फ्रान्समधील मार्से येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगातून दिले. त्वचेतील भक्षकपेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या मेल्या की कण मोकळे होतात आणि शेजारच्या नव्या भक्षकपेशी ते पुन्हा गिळतात. प्रयोगात रंग गिळलेल्या पेशी नष्ट केल्या तरी गोंदण जसेच्या तसे दिसत राहिले. डोक्यावरच्या गोंदणात म्हणूनच सुई उथळ ठेवतात. ती खोल गेली तर ठिपका पसरतो आणि आजीच्या तुळशीसारखा निळसर होतो. उथळ ठेवली तर काही वर्षांत फिकट होऊन पुन्हा भरावा लागतो. हा पुढचा खर्च जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत नसतो.

आता त्या दोन छायाचित्रांकडे परत येऊ. सातवीच्या मुलालाही आपण शिकवतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी. खत आणि पाणी दोन्ही वाढवले आणि पीक चांगले आले, तर श्रेय कशाला द्यायचे? डावीकडच्या आणि उजवीकडच्या चित्रांत दोन गोष्टी बदलल्या आहेत: केस लावले आहेत आणि त्वचा रंगवली आहे. (प्रकाश, केसांची लांबी, मानेचा कोन आणि हसू हे धरले तर सहा.) गिऱ्हाईक पैसे देते ते बहुधा ग्राफ्टच्या संख्येवर. समजा, लावलेल्या दर पाच झुबक्यांपैकी एक मेला, आणि ३० च्या जागी २४ उरले. नुसते केस असते तर हा फरक त्याच्या लक्षात येण्याची शक्यता होती. खाली रंग असला की २४ आणि ३० छायाचित्रात सारखेच दिसतात. रंगाने त्वचा झाकली आणि त्याबरोबर कामाचा हिशेबही झाकला.

यात काळाचाही घोटाळा आहे. लावलेले केस पहिल्या महिना-दीड महिन्यात बहुतेक गळून पडतात. मूळ आत राहते, तीन-चार महिन्यांनी नवा केस डोकावू लागतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, आणि खरे फळ दिसायला वर्ष लागते. रंग मात्र टाकल्या दिवसापासून दिसतो. तेव्हा दोन-तीन महिन्यांनंतरचे म्हणून दाखवलेले दाट डोके आपण पाहतो त्यात जवळजवळ सगळी दाटी रंगाची असते. म्हणूनच केस पूर्ण उगवून व्रण पिकेपर्यंत थांबावे आणि मग कमी पडेल तेथेच रंग भरावा, हा क्रम आम्हाला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात सर्जनचे काम आधी उघड्यावर येते.

वर्गात हे पटवायला दोन तपकिरी पुठ्ठे पुरतात. दोन्हींवर सारख्या आकाराचे चौकोन आखून सारख्याच संख्येने काळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटवावेत. एका चौकोनात तुकड्यांच्या खाली आधीच पेन्सिलचे ठिपके भरून ठेवावेत. मग शेवटच्या बाकावरून विचारावे, दोरे कोठे जास्त आहेत? पुढच्या तासाला ठिपक्यांच्या पुठ्ठ्यावरचे काही दोरे काढून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर हाच प्रयोग केला तर फरक किती वाढतो, हेही मुलांनी पाहावे. गोऱ्या आणि सावळ्या त्वचेवर टक्कल वेगवेगळे का भासते ते त्यातून कळते.

छायाचित्रात आणखी एक गोष्ट मावत नाही: पुढची वीस वर्षे. बावीस वर्षांच्या मुलाची केसगळ थांबलेली नसते. आज कपाळावर ठिपक्यांची रेषा आखली आणि मागचे स्वतःचे केस पुढे गळत राहिले, तर रेषा एकटीच पुढे उभी राहते. केस पिकतात, ठिपके पिकत नाहीत. लावलेल्या रोपाला वय असते, रंगाला ते माहीत नसते. लग्न ठरण्याआधी ‘एकदाच काय ते करून टाकू’ म्हणून लातूर-सोलापूर-पुण्याकडे निघणाऱ्या मुलाच्या घरी या गोष्टीची चर्चा होत नाही. होते ती पैशांची, तीही घाईत.

शस्त्रक्रिया ही शस्त्रक्रियाच असते, हेही विसरले जाते. मार्च २०१९ मध्ये मुंबईत केस प्रत्यारोपणानंतर दोन-अडीच दिवसांत एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. वरच्या गणितातील ६,००० शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळा किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, हे त्यांत लिहावे लागले. औषधांच्या बाबतीत कायदा जुना आणि कडक आहे: औषध नियमावलीच्या अनुसूची ‘जे’ मध्ये टक्कल हा विकार नावानिशी आहे, आणि कोणत्याही औषधाने तो बरा होतो असा दावा करता येत नाही. छायाचित्र मात्र एक शब्दही न बोलता तोच दावा करून जाते.

आणि केस गेले म्हणजे टक्कलच पडले असेही नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील गावांत लहानथोरांचे, बायका-पुरुषांचे केस काही दिवसांत झडू लागले. आयसीएमआरचे पथक आले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. तेथे कोणी दोन छायाचित्रे घेऊन गेला असता तर लावण्यासाठी मागची बाजूही शिल्लक नव्हती. केस का गेले हा प्रश्न आधी आणि ग्राफ्ट किती हा नंतर, इतके तरी त्या गावांनी दाखवून दिले.

जाहिरातवाल्यांना आमची मागणी लहान आहे. डावे आणि उजवे यांच्या मध्ये तिसरे छायाचित्र छापावे: शस्त्रक्रियेनंतर एक वर्षाचे, रंग भरण्याआधीचे, केस ओले करून, त्याच प्रकाशात, डोक्यावर एक चौरस सेंटिमीटरची खूण करून. भिंगाने त्या चौकोनातील झुबके आमचे विद्यार्थी मोजतील.