स्मरण आणि पुनर्दर्शन : कीट्सच्या एका पत्राच्या निमित्ताने

मराठी वाचकाला कीट्स परिचित आहे तो मुख्यतः ऐंद्रिय सौंदर्याचा कवी म्हणून. या परिचयाची मर्यादा त्याच्या एका पत्रातून स्पष्ट होते. ३ फेब्रुवारी १८२० रोजी त्याच्या खोकल्यातून रक्त पडले. वैद्यकाचे शिक्षण झालेले असल्याने त्याचा अर्थ त्याला तत्काळ उमगला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्याने हॅम्पस्टेडहून जेम्स राइस या मित्रास हे पत्र लिहिले. भर हिवाळ्यात, रुग्णशय्येवरून, तो बालपणापासून ओळखीच्या एकेका फुलाचे स्मरण करतो. त्यांचे आकार आणि रंग आपणच अलौकिक कल्पनाशक्तीने नुकतेच निर्माण केले असावेत इतके नवे वाटतात, असे तो सांगतो.

संस्कृत काव्यशास्त्राने प्रतिभेचा संबंध अपूर्व वस्तूच्या निर्मितीशी जोडला आहे. येथे मात्र पूर्वपरिचित वस्तूच अपूर्व होते. स्मृती ही अनुभवाची फिकट प्रत न राहता निर्मितिक्षम बनते.

तथापि, कीट्स या निर्मितीत विसावत नाही, हे महत्त्वाचे. वर्ड्‌स्वर्थच्या १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या डॅफोडिल्सवरील कवितेत स्मरण स्वयंपूर्ण आहे. एकान्तात फुले अंतश्चक्षूंपुढे येतात आणि मन तृप्त होते. ती पुन्हा पाहण्याची निकड उरत नाही. शांत चित्ताने आठवलेली भावना म्हणजे काव्य, हे आपल्याकडे वर्गावर्गातून रुळलेले सूत्र याच तृप्तीवर उभे आहे. कीट्सला फुले पुन्हा पाहावयाची आहेत. काचगृहात वाढवलेली परदेशी फुले आपण पाहिली आहेत, ती अतिशय सुंदर असली तरी त्यांची आपल्याला मुळीच मातब्बरी नाही, असे तो म्हणतो. त्याला हवी आहेत ती आपल्या वसंतातली साधी फुले. कारण आयुष्यातील सर्वांत निश्चिंत, सुखाच्या क्षणांशी ती जोडलेली आहेत. म्हणजे सौंदर्य हा येथे अखेरचा निकष नाही. निकष आहे तो संबंधाचा.

१८१९च्या वसंतातील नाइटिंगेलवरील ओडमध्ये कवी अंधारात पायाजवळची फुले पाहू शकत नाही. हॉथॉर्न, व्हायोलेट ही तो गंधावरून ओळखतो. तेथे फुले जवळ आहेत, केवळ दृष्टीआड आहेत. पत्रात ती ऋतूनेच हिरावलेली आहेत. कल्पनाशक्ती आपली फसवणूक फार काळ करू शकत नाही, हा ओडच्या अखेरचा प्रत्यय पत्रात मृत्यूच्या सान्निध्यात कसाला लागतो आणि खरा ठरतो. पत्रातला फॉल्स्टाफचा उल्लेखही याच संदर्भात वाचावा लागतो. मरणोन्मुख फॉल्स्टाफ हिरव्या कुरणांविषयी बरळत होता. आपण बरळत नाही, केवळ आठवतो, असे कीट्स नोंदवतो. हा किंचित विनोद स्मरणाला भावविवशतेपासून दूर ठेवतो.

१८२०चा वसंत कीट्सला इंग्लंडमध्ये लाभला. पुढचा लाभला नाही. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोम येथे त्याचे निधन झाले. परंतु पत्राचे मोल या करुण योगायोगावर अवलंबून नाही. स्मृतीचे सर्जनसामर्थ्य पूर्णपणे अनुभवूनही तिला प्रत्यक्षाचा पर्याय मानण्यास येथे एक कवी नकार देतो. स्मरणरंजनाला काव्य समजणाऱ्या समीक्षेने या नकाराची दखल घेणे आवश्यक आहे.