रूटच्या पासवर्डाचा शोध

साताऱ्यातील एका शाळेत चार संगणक कापडाखाली झाकून ठेवलेले आम्ही पाहिले. चौकशी करता कळले, की त्यांवर लिनक्स आहे आणि ‘रूटचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही’. पुढे सांगलीतही हेच गाऱ्हाणे ऐकले. तेथील बाईंनी सगळे पुसून लिनक्स नव्याने बसवायचे ठरवले होते. त्याच संगणकात नववीचे वर्षभराचे गुण होते.

साताऱ्यातील तीन संगणकांवर उबुंटू होते. २००४ साली आलेल्या उबुंटूने रूट, म्हणजे सर्वाधिकारी खाते, पहिल्यापासून बंदच ठेवले आहे. बसवताना नोंदवलेला पहिला वापरकर्ता ‘सुडो’ ही आज्ञा देऊन, स्वतःच्याच पासवर्डाने, व्यवस्थापकाची कामे करतो. शिक्षक मात्र जुन्या टिपणावरून ‘सु’ ही आज्ञा देत होते. ती रूटचा पासवर्ड मागते, आणि तो तर कधी ठरवलेलाच नव्हता.

आमचा आक्षेप येथेच आहे. पासवर्ड चुकला काय किंवा खातेच बंद असले काय, ‘सु’ दोन्ही वेळी ‘ऑथेंटिकेशन फेल्युअर’ एवढेच म्हणते. पुष्कळ लिनक्समध्ये पासवर्ड टंकताना पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. त्यातून कळफलक मराठीवर राहिला असेल, तर चूक कोठे झाली ते कळायला मार्गच नाही. परवानगी नसलेल्याने ‘सुडो’ वापरले, की या घटनेची तक्रार केली जाईल, अशी तंबी मिळे. कोणाकडे, ते सांगत नसे. (एक शिक्षक मुख्याध्यापकांकडे जाऊन आधीच खुलासा करून आले होते!) प्रत्यक्षात निरोप गेला नसेल तर ही तंबी देऊ नये, ही सुधारणा २०२३ मध्ये झाली.

आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीत आणले, हे मोठेच काम आहे. पण पाठात आज्ञा चालते, शाळेत ती अडते. अडलेल्याला हवे असते ते वेगळेच.

सांगलीचा पासवर्ड खरोखरच हरवला होता. पहिले खाते बदली होऊन गेलेल्या गुरुजींचे होते. संगणक सुरू होताना शिफ्ट (नव्या यंत्रांत एस्केप) कळ दाबून ‘रिकव्हरी मोड’मध्ये ‘रूट’ निवडले, आणि पासवर्ड बदलण्याची ‘पास-डब्ल्यू-डी’ ही आज्ञा दिली. उत्तर आले : ‘ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर’. बाईंचा चेहरा पडला. खरे कारण अगदी साधे होते. या अवस्थेत डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडलेली असते, नवा पासवर्ड तिच्यावर लिहिताच येत नाही. ‘माउंट’ आज्ञेने ती लेखनासाठी पुन्हा जोडली, आणि काम झाले. ‘डिस्कवर लिहिता येत नाही’ एवढे म्हणायला कोणाची हरकत होती?

अर्थात, डिस्क सांकेतिक केलेली नसेल तर यंत्रापर्यंत पोचलेला कोणीही हे करू शकतो. म्हणून खोलीला कुलूप हवेच.

गुण वाचले. साताऱ्याचे तीन संगणक त्याच दुपारी उघडले. चौथ्यावर डेबियन निघाले. तेथे बसवताना रूटला पासवर्ड दिला, तर पहिल्या वापरकर्त्याला ‘सुडो’चा अधिकार मिळत नाही. म्हणजे येथे रूटचा पासवर्ड खरोखरच होता. तो बसवून देणाऱ्याने बिलाच्या मागे लिहून ठेवला होता.