धुळवडीच्या सकाळचं ताट

होळीच्या ताटाचं कौतुक सगळेच करतात. पुरणपोळीवर तुपाची धार, वाटीत कटाची आमटी, वरणभाताची मूद, लिंबाची फोड, भजी, कुरडई, पापड. त्या ताटाची मांडणी ठरलेली आणि मानही ठरलेला. मला त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या ताटाचं अप्रूप वाटतं. धुळवडीच्या सकाळी पुढ्यात येणाऱ्या या कालच्या उरलेल्या अन्नाच्या ताटाला ना नैवेद्याचा मान, ना वाढण्याचा क्रम. कितीतरी घरांत दुपारी मटण शिजायचं असतं, त्यामुळे त्याचं राज्य सकाळपुरतंच. तरीही रांधणाऱ्या हाताची पारख याच ताटात होते. आदल्या दिवशी काय करायचं ते रिवाजानं सांगितलेलं असतं. आज ते स्वतःला सुचावं लागतं.

कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० साली वाटी-चमच्याची मापं देऊन मराठी घरांची मोठी सोय केली. उरलेल्या अन्नाला मात्र असं माप लावता येत नाही. कधी भात दोन वाट्या उरतो, कधी पातेलंभर. कधी कट तळाशी असतो, कधी नुसतं पुरणच शिल्लक राहतं. अशा वेळी कामाला येते ती निवड: कशाला हातच लावायचा नाही, कशाला जरासा लावायचा आणि कशाचं रूपच पालटायचं. पोळी, कट आणि भात या तिघांकडे याच क्रमानं पाहावं.

पोळीला शक्यतो हात लावू नये. साधी चपाती दुसऱ्या दिवशी वातड होते, पुरणपोळी होत नाही. कारण पुरणातला गूळ पाणी धरून ठेवतो. रात्रभरात सारणाचा ओलावा पारीत उतरतो. काल पारी आणि पुरण जिभेला वेगवेगळे कळत होते, आज ते एकजीव झालेले असतात. गार पोळीचा गोडवाही जरा मवाळ लागतो. गरम पोळीत गुळानं झाकून टाकलेलं जायफळ आणि हरभऱ्याच्या डाळीचा खमंगपणा आता पुढे येतो. अशा पोळीवर घट्ट सायीचं गार दूध घ्यावं आणि बोटांनी कुस्करावी. गरमच हवी असेल तर मंद आचेच्या तव्यावर, तुपाच्या थेंबावर, दोन्ही बाजूंनी नीट शेकावी. कडेला पुरण फुटून तव्याला लागतं, तिथं गूळ करपायच्या बेतात येतो आणि एक कडसर-गोड कुरकुरीत कड तयार होते. ती कड ताज्या पोळीला नसते. मायक्रोवेव्हमध्ये पारी आधी लिबलिबीत होते आणि गार होताच चिवट. एवढी मुरलेली पोळी त्यात घालवू नये.

कटाची गोष्ट निराळी. कट हा मुळातच उरलेल्यातून झालेला पदार्थ आहे. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचं वरचं पाणी, ग्रामीण भागात ज्याला येळवणी म्हणतात, ते टाकायचं नाही या एका निश्चयातून तो जन्मला. त्यात चमचाभर पुरण, चिंच, गूळ, गोडा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं. सणाच्या दिवशी हा कट घाईत असतो: तिखट वेगळं लागतं, चिंच वेगळी, वर तेलाचा तवंग तरंगतो. मसाल्याचा वास बराचसा तेलात उतरलेला असतो आणि रात्रभरात तो डाळीच्या कणांत, खोबऱ्यात भिनतो. तिखटाची धार बोथट होते आणि दगडफुलाचा तो काहीसा धुरकट, मातकट वास वर येतो. रांधणाऱ्यानं इथं फार करायचं नसतं. आधी तळापासून ढवळावा, कारण डाळ खाली बसलेली असते. मग खळखळून उकळी आणावी आणि पाण्याचा हात आवरावा. उरलेली मऊ पडलेली भजी या कटात सोडली तर ती तो पिऊन फुगतात आणि बिघडलेल्या गोष्टीची चांगली गोष्ट होते. कणकेचे तुकडे सोडून उकळले तर वरणफळांच्या जातीचं पोटभरीचं खाणं होतं. कुठे त्यांना चकोल्या म्हणतात.

मुरण्याचा हाच नियम गोव्यातही दिसतो. तिथली ‘कालची कोडी’ म्हणजे आदल्या दिवशीचं माशांचं हुमण मंद आचेवर आटवून दाट केलेलं, सकाळी पेजेबरोबर किंवा पावाबरोबर खायचं.

भाताचं मात्र रूपच पालटावं लागतं. गार होताना शितांतलं पिष्ट पुन्हा घट्ट होतं. शितं टणक आणि सुटी होतात. ताज्या भातात हे झालेलं नसतं, म्हणून त्याला फोडणी दिली तर गोळा होतो. कोलम यासाठी उत्तम. आंबेमोहोर आणि इंद्रायणी चिकट, त्यांना बोटांनी हलकेच मोकळं करावं लागतं. तेल चांगलं तापलं की मोहरी तडतडू द्यावी, मग हिंग, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद आणि तळून काळपट झालेली सांडगी मिरची. भात घातल्यावर चिमूटभर साखर, एक वाफ, आणि नंतर पाच मिनिटं झाकण न उघडण्याचा संयम. तळाशी धरलेली खरपुडी हा या पदार्थाचा कळस. वर कालची कुरडई चुरून टाकली की मऊ, टणक आणि कुरकुरीत असे तीनही पोत एका घासात येतात.

या ताटावर एक जुना आक्षेप आहे आणि तो भारदस्त आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं, रस गेलेलं अन्न तामस लोकांना प्रिय असल्याचं सांगितलं आहे. स्वयंपाकघरानं या मुद्द्यावर वाद घातला नाही, तेल तापवलं. रस गेला असेल तर तो परत आणायचा, हे त्याचं उत्तर. मात्र आक्षेपातला शहाणपणा सोडू नये. शिजल्या भातात टिकून राहणारे काही जंतू उष्ण हवेत वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून फाल्गुनाच्या उन्हाळ्यात भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. जेवणं आटोपली की पसरट भांड्यात निववून लगेच फ्रीजमध्ये जावा. ओल्या खोबऱ्याचं वाटण घातलेला कट लवकर आंबतो, सुक्या खोबऱ्याचा टिकतो. धुळवडीच्या ताटाची तयारी होळीच्या दुपारीच होते ती अशी.

हल्ली पुरणपोळीचं आइस्क्रीम आणि चीज घातलेला पुरणाचा रोल दिसतो. कल्पकतेला माझा विरोध नाही, पण तिथे कालची चव लपवण्याची धडपड जाणवते. चांगल्या उरल्यासुरल्यात काल ओळखू यायला हवा आणि तरीही ‘हे काल असं नव्हतं’ असं वाटायला हवं. या कसोटीवर तिघांना क्रम लावायचा तर पोळी तिसरी, कारण तिचं श्रेय बहुतेक कालचंच. भात दुसरा, टाळ्या तोच घेतो, पण अशी फोडणी कोणत्याही भाताला तारून नेते. पहिला मान कटाचा. डाळीचं पाणी न टाकणारा एक हात, मसाला जोखून घालणारा दुसरा आणि रात्रभर त्याच्याकडे न पाहण्याइतका धीर, एवढ्यावर तो उभा राहतो. म्हणून जाणती माणसं होळीला कट मोजून करत नाहीत. पातेलं एक आकार मोठंच घेतात.