परदेशातला ‘मी’ आणि घराचे दार

आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी सध्या इंग्लंडमध्ये शिकतो आहे. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर तो गेला. धारूरच्या डोंगरपट्ट्यातला मुलगा. आईबाप ऊसतोड कामगार. तिथे गेल्यापासून तो स्वतःच्या आयुष्याविषयी सातत्याने लिहितो. वसतिगृहातली खोली, थंडी, एकटेपणा, सहाध्यायांचे प्रश्न, मागे राहिलेले घर. त्याला तिकडे वाचक आहेत, इकडेही आहेत. गेल्या दसऱ्याच्या सुमारास त्याने आईच्या शस्त्रक्रियेविषयी लिहिले. गर्भाशय काढल्याची ती हकीकत होती. लोकांनी वाचून झाल्यावर त्याला आईची आठवण झाली, आणि त्याच्या सांगण्यावरून मी ती तिला वाचून दाखवली. मावशींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “सर, त्येचं त्येनं लिव्हावं. माझं मला इचारून लिव्हावं.”

या एका वाक्याने दलित आत्मकथनाविषयीच्या माझ्याच काही समजुती मला पुन्हा तपासाव्या लागल्या. या लेखाचे निमित्त तेवढेच.

परदेशात राहून स्वतःविषयी लिहिण्याची परंपरा मराठीत जुनी आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर भाषण करून त्यांना आपल्या जाण्याचा खुलासा करावा लागला. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही द्यावी लागली. त्यांची पत्रे पुढे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रातून वाचकांसमोर आली. आनंदीबाईंनी सोसलेले दुःख खरे आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. परंतु त्यांचे खासगी जीवन म्हणजे काय जपायचे होते? आहार, पोशाख, आचार, म्हणजे जातच. पुढे १९६० मध्ये पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ आले आणि परदेशातला मराठी माणूस स्वतःवर मोकळेपणाने हसू लागला. दोन्ही लेखनांचा पिंड वेगळा आहे, तरी एक गोष्ट दोन्हींत गृहीत आहे. लेखकामागे घर आहे, त्या घराला दार आहे, आणि ते किती उघडायचे हे घरातली माणसे ठरवतात.

आमच्या जिल्ह्यात दिवाळीनंतर हजारो घरांना कुलूप लागते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो. उसाच्या फडाशेजारी कोपी उभी राहते. तिला दार नसते. बाईची आंघोळ, आजारपण, बाळंतपण, सगळे अर्ध्या आडोशाला. पाळीतल्या दुखण्याने एक दिवस घरी राहिले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने समिती नेमली, सर्वेक्षण झाले, आकडे आले. ते यायलाच हवे होते. परंतु ज्या बाईच्या शरीराविषयी मुकादमाने, डॉक्टराने, अधिकाऱ्याने आणि वार्ताहराने बोलून घेतले, तिचे स्वतःचे बोलणे त्यात किती आले?

दलित लेखकाचे खासगी असे काही नसतेच, त्याचा ‘मी’ हा समाजाचा ‘आम्ही’ असतो, हे विधान मी वर्षानुवर्षे वर्गात केले. प्रस्थापित समीक्षेला उत्तर म्हणून ते बरोबरच होते. पण त्याचा दुसरा अर्थ असाही होतो, की आमच्या घरात कुणीही केव्हाही शिरावे. खासगीपण ही पांढरपेशांची चैन आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. वास्तविक आपल्याला नाकारल्या गेलेल्या हक्कांपैकी तो एक हक्क आहे. पाणवठा, मंदिर, शाळा यांच्याबरोबर दारही नाकारले गेले होते.

इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर लेखनाकडे जावे लागते. १९३५ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेले हे छोटेखानी लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. ते परकीय वाचकाला डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहे. अस्पृश्यता आहे हे परदेशी माणसाला ऐकून माहीत असते, ती कशी छळते हे कळत नाही, म्हणून अनुभव सांगायचे. प्रकरणे सहा. पहिली चार स्वतःची: १९०१ मधला मसूर स्टेशनपासूनचा प्रवास, १९१७ मधले बडोदे, १९२९ मधले चाळीसगाव, आणि १९३४ मधला आमच्या मराठवाड्यातला दौलताबाद किल्ला. शेवटची दोन इतरांची.

बडोद्याचे प्रकरण पुन्हा वाचावे. युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे बाबासाहेब नोंदवतात. परतल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो निवाऱ्याचा. पारशी नाव घेऊन ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांनी आसरा नाकारला. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. परदेशात ज्याला स्वतःची खोली होती, त्याला मायदेशी दाराआड बसायला जागा नव्हती.

आता या लेखनात काय नाही तेही पाहावे. परदेशातल्या त्या वर्षांत रमाईंनी मुंबईत जो संसार रेटला, त्याची दैन्यावस्था परकीय वाचकाला हलवून गेली असती. बाबासाहेबांनी ती इथे मांडली नाही. स्वतःचा अपमान त्यांनी उघड केला. बायकोचे दुःख पुराव्यासाठी वापरले नाही. आणि जिथे दुसऱ्याच्या घरात जावेच लागले, तिथली रीत पाहा. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण बायको डॉक्टरने हात न लावल्याने दगावली. थर्मामीटरसुद्धा त्याने मध्ये मुसलमान माणूस घालून दिला. ही हकीकत नवऱ्याच्याच पत्रातून येते. १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापलेले ते पत्र बाबासाहेब जसेच्या तसे पुढे ठेवतात. नाव दिलेले नाही, कारण सूड उगवला जाईल या भीतीने त्या शिक्षकाने तशी विनंती केली होती, हेही ते सांगतात. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत वाचक जातो, पण त्या घरच्या माणसाने स्वतः आत घेतले म्हणून.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्येही (१९७८) दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतो. शिकलेल्या ‘मी’ने मागे राहिलेल्या ‘मी’चे आधी ऐकून घ्यावे, अशी ती रचना आहे.

या दृष्टीने माझ्या विद्यार्थ्याचे लेखन पाहिले तर त्यातले सकस आणि निकस वेगळे करता येते. भारतीय सहाध्यायी आडनावाची चौकशी करतो ते पान अस्सल आहे. खोलीला आतून कडी लावता येते याचे पहिल्या रात्री वाटलेले नवल अस्सल आहे. पण आईच्या शस्त्रक्रियेच्या पानांत भाषा बदलते. तिथे फड दिसत नाही, मुकादम दिसत नाही, खाड्याचा हिशेब नाही. फक्त वेदना आहे आणि तिला न्याहाळणारा परका वाचक आहे. परक्या वाचकाला जखम लवकर समजते, व्यवस्था उशिरा. लेखक त्याच्या सोयीने लिहू लागला की आई माणूस न राहता जखम होते.

यावर एक आक्षेप येईल. सांगितले नाही तर जग हलत नाही. हे मला मान्य आहे. अमेरिकेतील सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावाला कायद्याने बंदी घातली, ती तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी पुढे येऊन आपबीती सांगितली म्हणून. कॅलिफोर्नियात त्याच वर्षी विधिमंडळाने मंजूर केलेले विधेयक राज्यपालांनी नाकारले; म्हणजे सांगण्याचे काम संपलेले नाही. प्रश्न सांगावे की नाही हा नाही. कुणाचे कुणी सांगावे, हा आहे. वाचता न येणाऱ्या आईची संमती, वाचता येणाऱ्या परक्याच्या कौतुकापेक्षा नेहमीच मोठी मानली पाहिजे.

मी स्वतःही घरातला पहिला पदवीधर. माझ्या आईच्या कितीतरी गोष्टी मी तिला न विचारता वर्गात सांगितल्या आणि विद्यार्थी गप्प झाले याचे समाधान मानले. तेव्हा दोष एकट्या त्याचा नाही. ही सवय आम्हीच लावली.

मावशींचे वाक्य मी त्याला जसेच्या तसे कळवले. त्याने ती पाने मागे घेतली आहेत. मावशी सध्या कर्नाटकातल्या फडावर आहेत. पट्टा पडला की परत येतील, तेव्हा तो फोनवर विचारणार आहे आणि त्या सांगतील तेवढेच लिहिणार आहे. जाताना त्या मला म्हणाल्या होत्या, “सांगीन की. मुकादमाचं नाव घिऊन सांगीन.” मुलाच्या लेखनात ते नाव नव्हते.